रिकामा ट्रेलर देवगडला, भरलेला पुण्याला: गिअरबॉक्सच्या तापमानाची डायरी

मंगळवार, तयारी

सोमवारी १३ मे २०२४ ला पुण्याचं मतदान उरकलं आणि मंगळवारी सकाळपासून जुळवाजुळव सुरू केली. काम असं होतं की देवगडला आत्याच्या वाडीत एक महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप कित्येक वर्षं आंब्याखाली उभी आहे, इंजिन जाम, टायर बसलेले, हूडच्या जागी नुसता सांगाडा, आणि आत्येभावाचा फोन आला की नेतोस तर पावसाच्या आधी ने नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकतो. आता ही जीप चालवत आणणं शक्यच नाही. मग मित्राचा ट्रेलर घेतला, डबल अ‍ॅक्सलचा, भोसरीत बनवून घेतलेला, स्वतःची नंबरप्लेट असलेला (ट्रेलर पण कायद्याने वाहनच आहे, रजिस्ट्रेशन लागतं, बरेच जण हे विसरतात), ओव्हररन ब्रेकवाला, म्हणजे पुढची गाडी हळू झाली आणि ट्रेलर तिच्यावर रेटला की त्याचे ब्रेक आपोआप लागतात. ओढणारी आमची टोयोटाची हायलक्स पिकअप, २.८ डिझेल, सिक्स स्पीड ऑटोमॅटिक, ५०० न्यूटन मीटर टॉर्क.

ताकदीची चिंता नव्हतीच. चिंता गिअरबॉक्सची. मीटरवर जो काटा असतो तो इंजिनाच्या कूलंटचा, गिअरबॉक्सच्या तेलाचं काय चाललंय ते तिथे अजिबात कळत नाही. वॉर्निंगचा दिवा आहे पण तो लागेपर्यंत तेल भाजून निघालेलं असतं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच प्लेट नसते, टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे एका बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर आणि मध्ये तेल, एक पंखा इंजिन फिरवतं आणि त्या तेलाच्या जोरावर दुसरा फिरतो. दोघांच्या वेगात जेवढा फरक तेवढी शक्ती वाया, आणि वाया गेलेली सगळी शक्ती तेलात उष्णता बनून उतरते. वेग जमला की आतला लॉक-अप क्लच दोघांना जखडून टाकतो आणि ती उष्णता जवळपास बंद होते. ओझं ओढताना घाटात हा लॉक-अप सुटतो, आणि तिथेच सगळा खेळ असतो.

म्हणून स्कॅनर. स्टिअरिंगखाली जे १६ पिनांचं सॉकेट असतं, ज्याला सर्व्हिस सेंटरवाले आपलं मशीन जोडतात, त्यात ब्लूटूथ डाँगल घालायचा आणि फोनवर अ‍ॅप उघडायचं. आरपीएम, वेग, कूलंट, आत येणाऱ्या हवेचं तापमान हे सगळ्या गाड्यांना सारखं असतं, कुठलंही अ‍ॅप दाखवतं. गिअरबॉक्सच्या तेलाचं तसं नाही, त्या नेहमीच्या यादीत ते नसतं, प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, त्यामुळे अ‍ॅपमध्ये आपल्या गाडीचं प्रोफाइल निवडावं लागतं किंवा कोड हाताने टाकावा लागतो. आमच्या यादीत तापमानं दोन निघाली, एक खालच्या पॅनमधल्या तेलाचं आणि दुसरं कन्व्हर्टरकडून येणाऱ्या तेलाचं.

भाचा बरोबर येणार होता, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, तो उत्साहाने तपकीर गल्लीतून एक स्वस्तातला डाँगल घेऊन आला. वर लिहिलंय ईएलएम ३२७, व्हर्जन १.५. मूळ ईएलएम ३२७ चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीची, आणि १.५ नावाचं व्हर्जन त्यांनी कधी काढलंच नाही, म्हणजे तो कॉपीच. कॉपी असली तरी चालते, पण पार्किंगमध्ये लावून बघितलं तर आठ-दहा आकडे एकदम मागितले की हँग होतो आणि कनेक्शन तुटतं. माझ्याकडे आधीपासून जरा महागातला होता तो लावला आणि स्वस्तातला ग्लोव्ह बॉक्समध्ये स्पेअर ठेवला. स्क्रीनवर पाचच गोष्टी ठेवल्या: तेलाची दोन तापमानं, इंजिनाचे आरपीएम, टर्बाइनचे (म्हणजे कन्व्हर्टरमधल्या त्या दुसऱ्या पंख्याचे) आरपीएम आणि कूलंट. आकडे कमी असले की पटापट बदलतात, वीस लावले तर समोर दिसतं ते मघाचं असतं.

फोन भाच्याच्या बाजूला लावला. चालवणाऱ्याने बघायचा नाही, तो वाचून सांगणार, हे आधीच ठरवून टाकलं. नाना पेठेत जाऊन ट्रेलरच्या लाइटचा नवा प्लग, सेफ्टी चेन आणि दोन लॉकपिन आणल्या आणि झोपलो.

बुधवार, पुणे ते कोल्हापूर, ट्रेलर रिकामा

पहाटे निघालो. गार इंजिनाला गिअरबॉक्सचं तेल ३१ वर होतं, कूलंट खेड शिवापूरच्या आधीच तापून ८५ ला स्थिर झालं, पण गिअरबॉक्स ८० ला यायला शिरवळ जवळ आलं. हे मला आवडलं, म्हणजे कूलंटच्या काट्यावरून गिअरबॉक्सचा अंदाज बांधणाऱ्यांचं किती चुकतं ते पहिल्या तासातच दिसलं.

खंबाटकीला साताऱ्याकडे जाताना आपण जुन्या घाटाने वर चढतो, बोगदा येतानाच्या बाजूला. नव्या बोगद्याचं काम बाजूला चालूच होतं. रिकामा ट्रेलर पाचेकशे किलोचा, त्याचं काय वाटणार गाडीला, पॅन ८८ आणि कन्व्हर्टर ९७, माथ्यावरून उतरायला लागलो की दोन मिनिटांत परत खाली. भाचा म्हणाला, "मामा, हे तर बोअर आहे." म्हटलं बोअर असलेलंच चांगलं रे.

मग साताऱ्याच्या पुढे भाचा एकदम ओरडला, "मामा, सहाशे! सहाशे झालं!" मी गाडी बाजूलाच घेणार होतो. बघतो तर याने कंटाळून स्क्रीनवर एक्झॉस्टचं तापमान लावलेलं. बीएस ६ डिझेलला सायलेन्सरच्या लायनीत डीपीएफ असतो, काजळी साठवणारा फिल्टर, आणि भरला की गाडी स्वतःच तिथलं तापमान सहाशेच्या आसपास नेऊन काजळी जाळते. तेच चालू होतं. त्यात काळजीचं काही नाही, फक्त अशा वेळी लगेच गाडी बंद करायची नाही, ते काम पूर्ण होऊ द्यायचं. पण आकडा बघताना तो कशाचा आहे ते आधी वाच, हे त्याला मी पुढचे पन्नास किलोमीटर ऐकवलं.

कऱ्हाडला सहापदरीकरणाचं काम, उड्डाणपूल पाडलेला, सगळी वाहतूक सर्व्हिस रोडला, पहिल्या गिअरात दहा मीटर जायचं आणि थांबायचं, बाहेर ३९ अंश. आणि तिथे गंमत झाली. रिकामा ट्रेलर, सपाट रस्ता, आणि पॅन ९६! खंबाटकीपेक्षा जास्त. कारण सरळ आहे, एवढ्या कमी वेगाला लॉक-अप लागतच नाही, कन्व्हर्टर सतत घसरतोय आणि पुढच्या जाळीतून हवा येत नाहीये. मी तिथेच मनाशी ठरवलं की शनिवारी येताना घाटापेक्षा घाटातल्या रांगेला जास्त घाबरायचं.

कोल्हापूरला दुपारी. मिसळ, झोप, संध्याकाळी रंकाळा. ट्रेलर लावून गाडी पार्क करायला जागा शोधण्यात जो वेळ गेला त्याच्याबद्दल न बोललेलं बरं.

गुरुवार, कोल्हापूर ते देवगड

नेहमी आम्ही गगनबावड्यावरून करूळ घाटाने उतरतो, पण करूळ जानेवारीपासून कामासाठी बंद होता. भुईबावड्याची वळणं ट्रेलरला नको वाटली म्हणून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट असा रस्ता धरला. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं, मे महिना असल्यामुळे पाणी खाली गेलेलं. दाजीपूरच्या जंगलात गवे असतात, आम्हाला फक्त माकडं दिसली.

फोंडा उतरताना एस मोडला घातला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या गाडीत एस ३ म्हणजे गाडी तिसऱ्यातच अडकत नाही, तिसऱ्याच्या वर जात नाही एवढंच. इंजिन ब्रेकिंग चांगलं मिळतं, ब्रेकला क्वचित पाय लावावा लागतो. तेल उतारभर ८० च्या खालीच राहिलं. घाटाच्या मध्यावर एक ट्रेलर-ट्रक बाजूला उभा होता, ब्रेकचा जळका वास पार आमच्या गाडीत आला.

फोंडा, नांदगाव तिठा, आणि तिथून सरळ देवगड. आत्याने कोकम सरबत पुढे केलं, आणि भाचा आल्या आल्या मोबाईलवर आलेख बघत बसला ते पाहून विचारलं, "काय रे, गाडयेक ताप इलो काय? सारखो काय बघतस त्या मोबायलात?" भाच्याने तिला अगदी गंभीरपणे टॉर्क कन्व्हर्टर समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आदी जेव.

शुक्रवार, लादणं

दिवस सगळा जीप हलवण्यात गेला. चारही चाकांत हवा भरली, दोन टिकली, दोन फुस्स. मागचे ड्रम चिकटलेले, हातोडीने ठोकून मोकळे केले. आत्येभाऊ, वाडीतले दोन गडी, भाचा आणि हाताची विंच. आंबा काढणी संपत आलेली म्हणून माणसं मिळाली नाहीतर कुणी ढुंकून बघितलं नसतं.

जीप ट्रेलरवर कुठे ठेवायची हे फार महत्त्वाचं. हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जिथे जोडतो तिथे, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार यायला हवा. जीप मागे सरकली तर हिच हलका होतो आणि हायवेला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, जास्त पुढे घेतली तर गाडीचं मागचं बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगतं. जीपचं इंजिन पुढे असल्यामुळे तोंड गाडीकडे करून चढवली, मग वीतभर मागे घेतली, चारही चाकांना रॅचेटचे पट्टे, चॅसिसला दोन साखळ्या. उरलेल्या जागेत आत्याने हापूसच्या पेट्या ठेवायला लावल्या. नको म्हणायची सोय नाही.

शनिवार, देवगड ते कोल्हापूर, फोंडा चढून

पहाटे पाचला निघालो, मुद्दाम. रस्त्यात वजनकाट्यावर ट्रेलर एकटा घेतला, जीप आणि आंबे धरून १,८६० किलो. गाडी स्वतः दोन टनाच्या वर, त्यात आम्ही आणि सामान, म्हणजे सगळं मिळून चार टन घाटावर न्यायचे.

नांदगावपर्यंतच्या चढउतारांतच फरक कळला. परवा याच रस्त्याला ८२-८४ असलेलं पॅन आज ९१. फोंड्याच्या बाजारात चहा घेतला, इंजिन चालूच ठेवलं, पी म्हणजे पार्कमध्ये. चालू ठेवायचं कारण असं की इंजिन फिरतं तोवर पंप तेल फिरवतो आणि ते कूलरमधून जातं, बंद केलं की गरम तेल आहे तिथेच बसतं.

घाट सुरू झाला. पहिली काही वळणं मी मुद्दाम डी मध्येच ठेवली, बघूया गाडीचा मेंदू काय करतो. मेंदूला डिझेल वाचवायचं असतं. तो चौथा टाकतो, १,६०० आरपीएमला घुमत चढायला बघतो, चढ वाढला की लॉक-अप सोडतो, मग तिसरा, वळण संपलं की परत चौथा. भाचा वाचून दाखवत होता, इंजिन १,९००, टर्बाइन १,४५०. साडेचारशेचा फरक! पॅन ९८, १०१, १०३. कन्व्हर्टर ११६, १२१, १२४. आकडे दर वळणाला चढत होते आणि भाच्याचा आवाजही.

एस ३ ला घेतलं, पुढच्या कड्याला एस २. इंजिन २,६०० ला गेलं, आवाज वाढला, वेग तोच, तिशीच्या आसपास. आणि फरक पटकन खाली आला, साठ-सत्तर, मग सरळ पट्ट्यात दोन्ही आकडे जवळजवळ एक. कन्व्हर्टर १२४ वर थांबला, एका मिनिटात ११८, पुढच्या वळणापर्यंत ११३. पॅन १०६ पर्यंत जाऊन तिथेच रेंगाळलं, कारण पॅन हळू, त्यात तेल जास्त, ते मागून येतं. लोक म्हणतात इंजिन ओरडलं की गाडीला त्रास होतो. इंजिनाला काही होत नव्हतं, कूलंट ९३. चढावर कमी आरपीएमला गुपचूप घुमणारी ऑटोमॅटिक गाडी आतून भाजत असते आणि कानाला मात्र छान वाटते, हे त्या दोन आकड्यांच्या फरकात जसं दिसलं तसं मला आजवर कुणी समजावूनही सांगितलं नव्हतं.

मग ज्याची भीती होती तेच. मध्यावर एका लोड ट्रकच्या मागे एसटी, एसटीच्या मागे आम्ही. वेग दहा, कधी सात. ओव्हरटेकचा प्रश्नच नाही, ट्रेलर धरून आपण किती लांब आहोत ते विसरायचं नसतं. पहिल्या गिअरातही आता फरक सहाशे, लॉक-अप या वेगाला नाहीच, हवा नाही. पॅन ११०, ११२. कन्व्हर्टर १३१.

१३० हा काही लगेच गिअरबॉक्स फुटायचा आकडा नाही. पॅन ८० ते ९५ म्हणजे रोजचं, ओझं ओढताना ११० पर्यंत चालतं, १२० च्या पुढे पॅन गेलं तर मी थांबणारच. तेलाचा एक जुना ठोकताळा आहे की ८० च्या वर दर दहा अंशाला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणजे थोडा वेळ ११० ला काही नाही पण रोज ११० ला चालवली तर तेलाची वाट. कन्व्हर्टरचा आकडा उड्या मारतोच, त्याच्याकडे बघायचं पण निर्णय पॅनवर घ्यायचा, असं माझं मत.

तरी पण ११३ झाल्यावर रुंद जागा बघून डावीकडे घेतलं. हँडब्रेक, चाकांना दगड, पी, एसी बंद, आणि पाय ठेवून आरपीएम १,३०० च्या आसपास धरले. पार्कमध्ये कन्व्हर्टरला काही ओढायचं नसतं म्हणून उष्णता तयार होत नाही, आणि पंप मात्र जोरात तेल फिरवतो. कन्व्हर्टर मिनिटभरात ११० च्या खाली, पॅन पाच-सहा मिनिटांत १०१. मागून आलेले एक काका स्कूटर थांबवून म्हणाले, "बंद करा हो गाडी, थंड होऊ दे." त्यांना स्क्रीन दाखवली, खाली जाणारा आकडा दाखवला. बघितला त्यांनी, पण पटलं नाही, जाताना परत "बंद करा" म्हणूनच गेले.

या दहा मिनिटांत एसटी आणि ट्रक पुढे निघून गेले, रस्ता मोकळा. उरलेला घाट एस २ आणि एस ३ मध्ये तिशीने चढलो आणि पॅन १०५ च्या वर गेलंच नाही. तोच घाट, तेच ओझं, आणि ऊनही तोवर वाढलेलं.

दाजीपूरला उतरून ट्रेलरच्या हबला हात लावून बघितले, चारही सारखे कोमट. राधानगरीच्या उतारांना तेल ९० ला आलं. कोल्हापूरला पोचेपर्यंत भाचा झोपलेला आणि फोन एकटाच आकडे दाखवत होता.

रविवार, कोल्हापूर ते पुणे

कऱ्हाडचा सर्व्हिस रोड पहाटे गाठायचा म्हणून लवकर निघालो आणि तो मोकळा मिळाला, ९४ वर सुटलो. हायवेला ७० च्या आसपास, पाचव्यात, लॉक-अप पक्का, १,८६० किलो मागे असूनही पॅन ८९ ते ९२. सपाटीला ओझं काही करत नाही. सहावा मी दिलाच नाही, एस ५ ला ठेवलं, कारण प्रत्येक पुलाच्या चढाला सहावा-पाचवा-सहावा अशी जी धरसोड होते त्यात लॉक-अप सारखा सुटतो. साताऱ्यात कंदी पेढे घेतले.

खंबाटकीच्या बोगद्याकडे चढताना ९९, बोगद्यातून बाहेर पडल्यावर ते एस आकाराचं वळण, तिथे ट्रेलर घेऊन अगदी चाळीसच्या खाली. मग खेड शिवापूर, आणि शेवटचा चढ नव्या कात्रज बोगद्यापर्यंत, १०१.

बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथेच एका अवजड गाडीने कित्येक गाड्या ठोकल्या होत्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून हा उतार उतरणारे अजून दिसतात. आम्ही बोगद्याच्या आतच एस ३, तोंडाशी एस २, डावी लेन, चाळीस. टर्बाइनचे आरपीएम आता इंजिनापेक्षा वर, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतायत, जे हवंय ते. ओव्हररन ब्रेकचा हलका धक्का मधून मधून हिचला जाणवत होता. मागचे हॉर्न वाजवत राहिले, वाजवू देत.

नवले पुलाखाली नेहमीची रांग. वेग शून्य, दहा, शून्य. पॅन ९८, १००. भाचा आता तरबेज, मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मामा, एन टाका, पुढचे तीन मिनिटं हलत नाहीत." टाकला. १०० च्या पुढे गेलं नाही.

जीप नऱ्ह्याच्या गॅरेजमध्ये उतरवली. मिस्त्रींना सगळी कहाणी सांगितली, आलेख दाखवला. त्यांनी ११३ चा टोकदार भाग बघितला आणि म्हणाले तेल बदलून घ्या, लाइफटाइम तेल, बदलावंच लागत नाही वगैरे ज्यांना गाडी शहरातच चालवायची त्यांच्यासाठी, आणि परत एवढं ओढायचं असेल तर पुढे हवेवरचा वेगळा ऑइल कूलर बसवू. तेल पुढच्या आठवड्यात बदलतोय, कूलरचं जीपच्या इंजिनाचा खर्च कळल्यावर बघू. डाँगल काढून ठेवला, त्या सॉकेटला बॅटरीचा करंट गाडी बंद असली तरी चालू असतो, आठवडाभर उभ्या गाडीत विसरला तर सकाळी सेल्फ मारणार नाही. हापूसच्या पेट्यांपैकी एक मिस्त्रींकडे गेली.